मैदानाच्या कडेला बसलेली मुलगी

शाळेचे क्रीडासंमेलन जवळ आले म्हणजे नावनोंदणीच्या वह्या वर्गावर्गांतून फिरू लागतात. ह्या वह्या चाळण्याचे काम गेली काही वर्षे मजकडे आहे. पाचवी-सहावीच्या वहीत मुलींची नावे इतकी दाटीवाटीने लिहिलेली असतात की, शेवटची दोन-चार नावे समासात घ्यावी लागतात. आठवीच्या वहीत ओळी मोकळ्या राहू लागतात. दहावीच्या वहीत मुलींची नावे बोटांवर मोजण्याइतकी उरतात, आणि तीही बहुधा 'लिंबू-चमचा' व 'संगीत खुर्ची' ह्या सदरांखाली! धावणे, उंच उडी, खोखो, कबड्डी ह्यांचे रकाने कोरेच. तीन वर्षांपूर्वी ज्या मुली मधल्या सुट्टीत लंगडी घालून सारे अंगण दणाणून सोडीत, त्या गेल्या कोठे? त्याच वर्गात, त्याच बाकांवर त्या बसलेल्या असतात. मैदानावरून मात्र त्या नाहीशा झालेल्या असतात.

हा प्रकार आपल्याच शाळेत किंवा आपल्याच प्रांतात घडतो, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १४६ देशांतील ११ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ह्या वयात दररोज निदान एक तास, श्वास जलद व्हावा इतपत तरी शरीराची हालचाल झाली पाहिजे, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेवढी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण मुलग्यांत शेकडा ७८, तर मुलींत शेकडा ८५ निघाले. मुलग्यांनी मिशीवर ताव मारावा अशी ही स्थिती नव्हे. तथापि जवळजवळ सर्वच देशांत मुली मुलग्यांच्या मागे आहेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

ह्या प्रश्नाकडे माझे लक्ष प्रथम वेधले ते एका विद्यार्थिनीमुळे. त्या काळी मी दुसऱ्या एका शाळेत शिकवीत असे. माझा विषय मराठी. परंतु शाळेत शिक्षिका थोड्या, म्हणून मुलींच्या खेळांची देखरेखही मजकडेच आली होती. सातवीत एक मुलगी होती. खोखोत तिचा पाठलाग पाहण्यासारखा असे. खांबाजवळ सूर मारून ती गडी बाद करी, तेव्हा मोठ्या वर्गांतील मुलगेसुद्धा जागच्या जागी थबकत. आठवीची दिवाळीची सुट्टी संपली आणि ही मुलगी हातात वही घेऊन मैदानाच्या कडेला बसू लागली. "बाई, पाय दुखतो. मी गुण लिहिते," असे ती म्हणे. गुणलेखक आयताच मिळाला, म्हणून मीही फारशी चौकशी केली नाही. एक वर्ष असेच गेले. पुढे पालकसभेच्या दिवशी तिची आई भेटली. मी सहज विचारले, "पाय डॉक्टरांना दाखविलात का?" त्या माउलीने इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात सांगितले, "पायाला काही झालेले नाही, बाई. खेळाचा गणवेश पांढरा ना! त्या दिवसांत कुठे डाग पडला तर काय, अशी भीती घेतली आहे तिने. एकदा मुलगे हसले म्हणे."

मी स्वतः स्त्री असून आणि त्याच वाटेने गेलेली असूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ह्याची मला शरम वाटली. एक उत्तम खेळाडू मैदानाबाहेर गेली होती, आणि कारण होते कापडाचा रंग! त्या दिवसापासून कडेला बसलेल्या प्रत्येक मुलीजवळ मी जाऊन बसू लागले आणि तिला बोलते करू लागले. त्यातून माझे जे मत बनले ते असे, की मुली खेळाची आवड संपली म्हणून सहसा खेळ सोडीत नाहीत. बारा ते पंधरा ह्या वयात लहानसहान अडचणींची एक मालिकाच त्यांच्यासमोर एकदम उभी राहते. त्यांतील एकही अडचण डोंगराएवढी नसते. परंतु त्यांविषयी मोठ्याने बोलण्याची सोय नसते, आणि म्हणून त्या दूर होत नाहीत.

पुष्कळांना वाटते की, मुलींची प्रकृतीच नाजूक. तेव्हा वय वाढले की त्यांनी खेळ सोडणे हे निसर्गालाच धरून आहे. ह्या समजुतीने केवढा अनर्थ केला, त्याची एक कथा ऐकण्याजोगी आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटर धावण्याची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली. जर्मनीची लीना राटके पहिली आली आणि जपानची हितोमी किनुए दुसरी. पहिल्या तिघींनीही तोवरचा जागतिक विक्रम मोडला. परंतु शर्यत संपल्यावर काही जणी दमून जमिनीवर बसल्या, एवढ्या गोष्टीचे वृत्तपत्रांनी भांडवल केले. अनेक स्त्रिया शर्यत अर्धवट टाकून कोसळल्या, अशी वर्णने छापून आली. वस्तुतः अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या होत्या आणि नऊही जणींनी ती पुरी केली होती. पुरुष धावपटू शर्यतीनंतर आडवा झाला तर त्याने पराकाष्ठा केली असे म्हणावयाचे, आणि स्त्री आडवी झाली तर ती अबला ठरावयाची! ह्या एका गैरसमजापायी १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावता आली नाही. पुढे १९८४ साली स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली. आणि २०१६ साली रिओ येथे आपल्या सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर हिने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. निसर्गाचा म्हणून सांगितलेला नियम पुष्कळदा माणसांनीच केलेला असतो, हे ह्यावरून दिसून येईल.

तरी निसर्गाचा काही भाग ह्यात आहेच. तो नीट समजून घेतला पाहिजे. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास. मुलग्यांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. ह्या काळात हातपाय एकाएकी लांब होतात, कंबर रुंदावते, वजन वाढते आणि शरीराचा तोल नव्याने सांभाळावा लागतो. काल सहज जमणारी उडी आज चुकते. मुलीला वाटते, आपल्याला आता खेळ येईनासा झाला. खरे पाहता तिचे शरीर नवे झालेले असते आणि त्याची ओळख होण्यास काही महिने लागतात. उडीनंतर गुडघे किंचित वाकवून हलकेच जमिनीवर येणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांचे स्नायू बळकट करणे, असा सराव ह्या काळात करून घेतला तर गुडघ्याच्या दुखापतीही पुष्कळ टळतात. वाढत्या छातीमुळे धावताना होणारी अडचण हीदेखील अशीच एक न बोलली जाणारी गोष्ट. पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इंग्लंडमधील सुमारे दोन हजार शाळकरी मुलींपैकी शेकडा ४६ जणींनी ह्या अडचणीचा आपल्या खेळावर परिणाम होतो, असे सांगितले. योग्य मापाचे, घट्ट बसणारे अंतर्वस्त्र हा ह्यावरचा साधा उपाय आहे. परंतु तो सांगणार कोण?

मासिक पाळी हा आजार नव्हे. त्या दिवसांत खेळल्याने शरीराला अपाय होत नाही. उलट हलक्या व्यायामाने कित्येकींच्या पोटातील कळा कमी होतात. ज्या मुलीला फार वेदना किंवा फार रक्तस्राव होत असेल, तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. मैदान सोडणे हा त्यावरचा उपचार नव्हे. ह्याहून गंभीर गोष्ट रक्तक्षयाची आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते १९ वर्षे वयाच्या भारतीय मुलींपैकी शेकडा ५९ मुलींच्या रक्तात लोहयुक्त द्रव्याचे प्रमाण कमी आढळले. मुलग्यांत हेच प्रमाण शेकडा ३१ होते. अशा मुलीच्या स्नायूंना प्राणवायू पुरेसा पोचत नाही; दोन फेऱ्यांतच तिला धाप लागते आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो! शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी दप्तरात किंवा खिडकीबाहेर न जाता पोटात जाईल, जेवणात नाचणी, कुळीथ, तांबडी भाजी, मासळी असेल, भाजीवर लिंबू पिळले जाईल आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला जाणार नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

शरीरानंतर येते ते घर. मुलगी आठवीत गेली की तिच्या संध्याकाळचे मालक अनेक होतात. धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे, पाणी भरावयाचे, दिवेलागणीपूर्वी घरी यावयाचे, शिकवणीला जावयाचे. भाऊ त्याच वेळी चेंडू घेऊन बाहेर पडतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. "एवढी घोडी झालीस, अजून उड्या मारतेस?" हे आजीचे वाक्य, "ऊन लागून काळवंडशील" हे काकूचे, "लोक काय म्हणतील" हे सर्वांचेच. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. परंतु अशी वाक्ये रोज कानांवर पडली म्हणजे मुलगी स्वतःलाच त्या नजरेने पाहू लागते. रस्त्यावरचा सरावाहून परतण्याचा अंधार आणि कोपऱ्यावर उभी असलेली टवाळ मंडळी ह्यांचे भय तर आईबापांना असतेच, आणि ते निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

आता शाळेचा दोष. पाचवीपर्यंत आम्ही शिक्षक सर्वांना खेळवितो. आठवीपासून आम्हांला संघ हवा असतो आणि तालुक्याची ढाल हवी असते. मग बारा-पंधरा मुली निवडल्या जातात आणि उरलेल्या साठ-सत्तर मुलींच्या हाती काही न बोलता टाळ्या वाजविण्याचे काम येते. मुलग्यांतही निवड होते. पण वगळलेला मुलगा रस्त्यात, माळावर, देवळाच्या पटांगणात कोठेतरी खेळत राहतो. वगळलेल्या मुलीला शाळेचे मैदान हेच एक मैदान असते. ते गेले की तिचा खेळच संपला. त्यात खेळाचे तास गणिताला देण्याची प्रथा आणि मैदानापासून दूर असलेले, कडी नसलेले स्वच्छतागृह ह्यांची भर पडते.

खेळ सुटल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. माणसाच्या हाडांचा जो साठा आयुष्यभर पुरावयाचा असतो, त्यातील सुमारे नऊ-दशांश भाग मुलींच्या बाबतीत अठराव्या वर्षापर्यंत जमा होतो. आणि सर्वांत वेगाने तो जमतो ह्याच उंची वाढण्याच्या वर्षांत. धावण्याने व उड्या मारण्याने हाडे घट्ट होतात. म्हणजे जेव्हा खेळ सर्वाधिक हवा, नेमका तेव्हाच तो सुटतो. ह्याची किंमत पन्नाशीनंतर कंबर आणि मनगट मोडले की कळते. शिवाय हरल्यावर हस्तांदोलन करावयाचे, चुकल्यावर पुन्हा उठावयाचे, मोठ्याने हाक मारून जागा मागावयाची, ह्या गोष्टी पुस्तकातून शिकविता येत नाहीत.

ह्या सर्वांवर उपाय काय, ह्याचा विचार करीत असता मला आपल्याच गावच्या बायकांची आठवण झाली. आपल्या गोव्यात चवथीला गणपतीसमोर फुगडी रंगते आणि पौषात मांडावर धालो होतात. साठीच्या आजीबाई कंबर कसून फुगडी घालतात, आणि त्यांना कोणी 'वय झाले' असे म्हणत नाही. ज्या घरात मुलीला कबड्डी खेळू नको म्हणतात, त्याच घरातील आजी अंगणात घामाघूम होऊन गरगर फिरत असते! हा खेळ बायकांच्या आयुष्यातून सुटला नाही ह्याची कारणे शोधली तर आपल्याला हवे ते उत्तर सापडते. तेथे निवड नसते; येईल तिला जागा असते. वस्त्र रोजचे, सवयीचे असते. जागा घराजवळची असते. सोबत मैत्रिणींची असते आणि टवाळी करणारा कोणी नसतो. मोठ्या बायका स्वतः खेळतात, म्हणून लहान मुलींना ते आपले वाटते. ह्या पाच गोष्टी शाळेच्या मैदानावर आणता आल्या तर मुली कडेला बसणार नाहीत.

त्या आणणे अवघड नाही. खेळाचा गणवेश गडद रंगाचा असावा. पांढऱ्या पोशाखाविषयी अत्यंत कडक असलेल्या विंबल्डनच्या स्पर्धेनेही २०२३ पासून स्त्री खेळाडूंना आत गडद रंगाचे वस्त्र घालण्याची मुभा दिली. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पांढऱ्या चड्डीऐवजी निळी स्वीकारली. जे तेथे घडले ते एका शालेय समितीच्या बैठकीतही होऊ शकते. मैदानाजवळ कडी, पाणी आणि झाकणाची टोपली असलेले स्वच्छतागृह असावे, व एखाद्या शिक्षिकेच्या कपाटात पॅडची पेटी असावी. एका संघाऐवजी तीन संघ असावेत. पहिला ढालीसाठी, उरलेले दोन आनंदासाठी. जिला स्पर्धा नको तिला दोरीवरच्या उड्या, लगोरी, बॅडमिंटन असावे. दहावीचा खेळाचा तास कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये. सराव सकाळी किंवा शाळेच्या वेळातच व्हावा. शिक्षिकांनी खुर्ची सोडून मैदानावर उतरावे. मी स्वतः खोखोत दोन मिनिटांत बाद होते, पण मुलींना त्याचाच आनंद अधिक होतो.

पालकांना विनंती एवढीच की, घरकाम भाऊ आणि बहीण ह्यांच्यात वाटून द्यावे. मुलाचा सामना पाहावयास जाता तसे एकदा मुलीचाही सामना पाहावयास यावे. बाप मैदानाच्या कडेला उभा आहे, हे पाहून मुलीच्या पायांत जे बळ येते ते कोणत्याही खुराकाने येत नाही.

कोणी म्हणेल, मुलींना मुळात आवडच नाही, तर सोयी करून काय उपयोग? ह्याला अमेरिकेतील अनुभव हे उत्तर आहे. तेथे १९७२ साली असा कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करू नये. त्या वेळी तेथील माध्यमिक शाळांच्या संघांतून सुमारे तीन लाख मुली खेळत. पुढे ही संख्या तीस लाखांच्या वर गेली. मुलींची आवड एका कायद्याने दहापट झाली नाही. दार उघडल्यावर ती दिसून आली. आपल्याकडेही दारे उघडली तेव्हा काय झाले? १९५४ साली मनिला येथील आशियाई सामन्यांत भारताच्या ज्या चौघींनी १०० मीटरच्या चौपदरी शर्यतीचे सुवर्णपदक आणले, त्यांत मेरी डिसोझा आणि स्टेफी डिसोझा ह्या दोघी गोमंतकीय कुळातील होत्या. २०१८ साली जाकार्ता येथे बेळगाव जिल्ह्यातील मलप्रभा जाधव हिने कुराश ह्या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खोखोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरविले. ज्या खेळाचा रकाना आपल्या दहावीच्या वहीत कोरा असतो, तो हाच खेळ!

मुलग्यांनो, तुम्हांलाही एक शब्द. जे हसणे तुम्ही घरी पोचेपर्यंत विसरून जाता, त्या एका हसण्याने एखादी मुलगी वर्षभर मैदानावर येत नाही. शेजारचा हसू लागला तर त्याला गप्प करण्याइतका पुरुषार्थ तुमच्या अंगी असावा.

आणि मुलींनो, अडचण मनात ठेवू नका. आईला सांगा, बाईंना सांगा, निदान मैत्रिणीला सांगा. एकटीला संकोच वाटत असेल तर दोघी मिळून या. एखादे दिवशी बरे नसेल तर खुशाल बसा. पण दुसऱ्या दिवशी उठा.

ज्या मुलीची गोष्ट मी वर सांगितली, तिच्या शाळेत पुढे खेळाचा गणवेश गडद निळा झाला. त्या पालकसभेनंतर मी मुख्याध्यापकांशी बोलले, आणि आश्चर्य म्हणजे कोणीच विरोध केला नाही. इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते. तोवर ती दहावीत गेली होती. ती परत आली. पहिल्या दिवशी खांबाजवळ तिचा सूर चुकला आणि कोपर खरचटले. ती उठली, धूळ झटकली आणि हसली. पहिल्या संघात तिला जागा मिळाली नाही, कारण मधल्या वर्षात सराव तुटला होता. दुसऱ्या संघातून ती शाळा सोडीपर्यंत खेळली. तिचे ते हरवलेले वर्ष मात्र मी तिला परत देऊ शकले नाही. यंदा क्रीडासंमेलनाच्या वह्या वर्गात येतील तेव्हा कोणा मुलीने मजपाशी येऊन 'पाय दुखतो' असे म्हटले, तर मी तिला वही देणार नाही. तिच्याजवळ बसून, काय दुखते ते आधी विचारीन.